ताक न सांडणारी जागा

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर एका सोमवारी ताकात न्हाऊन आले. सदऱ्यावर पांढरे ओघळ, मिशीत चार थेंब आणि चेहऱ्यावर मात्र मोठ्ठं समाधान. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं की हँडलवर ठेवली तर पूर्ण वाटी सांडते, हेडलाइटवर पाऊण आणि पेट्रोलच्या टाकीवर अर्धी. एवढं बोलून हजेरीपटावर सही केली आणि ते वर्गात निघून गेले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले, जणू या वाटीबद्दल मला काही ठाऊक असणार. खरं तर तोवर मलाही काही ठाऊक नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो आणि इंदोरा वस्तीत सरांच्याच गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली होती. खोली बघायला सर स्वतः आले. भिंती पाहिल्या नाहीत, खिडकी पाहिली नाही. पेलाभर पाणी मागितलं, ते फरशीवर ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं वाहतं ते पाहिलं.

"तुझं पाणी पिवळ्या नदीले जाते," ते म्हणाले. "मंग नाग नदी, मंग कन्हान, वैनगंगा, गोदावरी. आंघोळ करशीन तवा ध्यानात ठेव गा, तू आंध्रात पाणी पाठवून राहिला."

कोणाच्याही घरी गेले तरी पाण्याचा हा प्रयोग व्हायचाच. लग्नाची मुलगी बघायला गेलेल्या एका नातेवाइकाबरोबर गेले, तिथंही त्यांनी पेला उपडा केला म्हणतात. ते लग्न मात्र जमलं.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची उत्तरेकडे तोंड करून असे. कोणी ती फिरवली तर बसताक्षणी त्यांना कळायचं. वर्गात दिशा शिकवताना ते सगळ्या पोरांना उभं करून गरगर फिरवत आणि मग म्हणत, आता डोळे मिटा आणि रामटेककडे बोट दाखवा. पन्नास बोटं पन्नास दिशांना. सर प्रत्येकाचं बोट धरून योग्य दिशेला वळवत जात. रामटेकच का, असं कोणी विचारत नसे, कारण सरांच्या जगाच्या मध्यभागी रामटेकचा रस्ता होता.

लष्कराच्या लिलावातून घेतलेली त्यांची एक जुनी, जडशीळ मोटरसायकल होती. दर रविवारी सकाळी मागच्या सीटवर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बसवून ते कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला जात. गडावरच्या देवळात मात्र कधी जात नसत. घरात बुद्धाची छोटी मूर्ती होती. देवादिकांचा विषय त्यांच्या घरात वडिलांच्या काळातच संपला होता. पायथ्याशी चहा, अंबाळ्याच्या तलावाकाठी भाकर, की परत. ओळखीचे लोक विचारत, रामाले काय मागतलं सर? सर म्हणत, पेट्रोल स्वस्त कर म्हणलं. एकदाच मला त्यांनी खरं कारण सांगितलं, आणि तेही गाडीची साखळी साफ करता करता, माझ्याकडे न बघता. "माहा बाप या रस्त्यानं पायी जाये. तेही कडेकडेनं. मी मधातून जातो."

काकू त्यांच्यापेक्षा कमी बोलत आणि जास्त सांगत. मी ओळखीचा होण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्या अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसायची कायमची बंदी केली. रेल्वेनं जा म्हणाले लोक. त्या एकदा गेल्याही. परत येऊन म्हणाल्या की रेल्वे माणसाला मागच्या दारानं नेते, रस्ता दिसतच नाही. पुन्हा गेल्या नाहीत.

सर एकटेच जात राहिले. परत आले की काकूंना वर्णन सांगत. भूगोलाचा माणूस असूनही, की म्हणूनच कोण जाणे, ते वर्णन ऐकवत नसे. कन्हानला पाणी किती, मनसरला वारा कोणत्या दिशेचा, असं सांगत. काकू ऐकता ऐकता उठून चुलीकडे जात. पुढं पुढं तर सरांनी "आज" म्हणताच त्या डब्यातल्या डाळी निवडायला घेत. सर उठून गाडी पुसायला जात. दोघांच्यात भांडण नव्हतं, पण रविवारी संध्याकाळी त्या घरात पाहुण्यालाही थोडं जपून बसावं लागे.

आणि मग सरांनी ठरवलं की काकूंना रस्ताच घरी आणून दाखवायचा.

सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओवाल्याकडे ते मला घेऊन गेले. लग्नाचे फोटो काढणारा तो सज्जन माणूस. त्यानं चांगला फोटोचा कॅमेरा दाखवला आणि म्हणाला की रस्त्याचे सुंदर फोटो काढून देतो, अल्बम करू. सरांनी कॅमेरा हातातही घेतला नाही. फोटोत रस्ता थांबतो, म्हणाले, थांबायचंच असतं तर मी घरी बसलो असतो. मग त्यानं कपाटातून सिनेमा घेण्याचा कॅमेरा काढला. तो लोखंडी पेटीएवढा होता आणि त्याला तीन पायांचं स्टँड लागत होतं. सरांनी विचारलं, हा चालत्या मोटरसायकलवर बसतो का? स्टुडिओवाला हसला. सर हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला आणि विचारात पडला. त्या दिवसापासून तो आमच्यातलाच झाला.

पण सरांची पद्धत अशी, की कॅमेरा कोणता घ्यायचा हे नंतर; आधी तो ठेवायचा कुठं ते ठरलं पाहिजे. गाडी सगळीकडून थरथरते. सगळ्यांत कमी कुठं थरथरते? त्यासाठी ताकाची वाटी. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी वाटी बांधायची, काठोकाठ ताक भरायचं, शाळेच्या मैदानाला फेरी मारायची आणि उरलेलं ताक बघायचं. त्या सोमवारचा गोंधळ तो हा. सीटवर बांधून झाली, मडगार्डवर झाली, एकदा काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं स्वतःच्या छातीवर बांधून झाली. छातीवर सगळ्यांत कमी सांडलं, पण वाऱ्यानं ताक मिशीत आलं.

वाटी बांधायचं काम घरच्या अंगणात चाले आणि काकू दारात बसून ते बघत. कशासाठी चाललंय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. ताक वाया जातं याचंच त्यांना वाईट वाटत असावं. त्या म्हणाल्या, "बाया डोक्यावर दोन-दोन गुंड पाण्याचे घेऊन वावराच्या धुऱ्यावरून चालतात. थेंब नाई सांडत. अन् तुमी गाडीले वाटी बांधता."

सर वाटी हातात धरून उभेच राहिले. मग काकूंची चुंबळ मागून घेतली, शाळेत आल्यावर ती डोक्यावर ठेवली, तिच्यावर वाटी, वरून हनुवटीखाली फडकं बांधलं आणि मैदानाला फेरी मारली. पोरं वर्गाच्या खिडक्यांतून ओरडत होती. सर उतरले तेव्हा वाटी जवळजवळ भरलेली होती. ते ताक त्यांनी तिथंच पिऊन टाकलं.

"गाडी हालते," मला म्हणाले, "माणूस सावरते."

तेव्हा कॅमेरा डोक्यावर. मग डोक्यावर बसेल असाच कॅमेरा हवा. त्यांचा एक मावसभाऊ कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत होता. त्याच्याकडून जुनं हेल्मेट आलं, कपाळावर दिवा अडकवायची खाच असलेलं. आता मान किती वजन सोसते ते पाहायचं. त्यासाठी सरांनी त्या खाचेला पिशवी बांधून तिच्यात आलू भरले आणि हेल्मेट घालून शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासायला बसले. रोज एक आलू वाढवत. मुख्याध्यापक आत आले, आलूंकडे पाहिलं आणि आल्या पावली बाहेर गेले. सरांची मान दुखायला लागली त्या दिवशी आम्ही पिशवी वाण्याच्या तराजूत ठेवली आणि कॅमेऱ्याचं वजन ठरलं.

आता दोन कॅमेरे समोर होते. एक चावीचा, स्टुडिओवाल्याच्या मित्राचा. दणकट, पडला तरी चालेल असा, पण चावी अर्ध्या मिनिटात उतरायची आणि फिल्म मध्येच काढून उलटी घालावी लागायची. दुसरा बॅटरीचा, सदर भागातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडचा. त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवला होता आणि डॉक्टरांना तो कसा चालवायचा ते कळलं नव्हतं. हलका, फिल्मची डबी टाकली की झालं; पण प्लॅस्टिकचा, नाजूक. सर कित्येक दिवस दोन्हींचे गुणदोष सांगत फिरले. चहावाल्याला विचारलं, शिपायाला विचारलं. सगळे दणकट घ्या म्हणत. शेवटी सरांनी डॉक्टरांकडून नाजूकच विकत घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, दणकट कॅमेरा असला तर मी गाडी कशीही चालवीन; नाजूक असला तर जपून चालवीन, आणि जपून चालवलं तरच तिला नीट दिसेल. हे ऐकून स्टुडिओवाल्यानं सायकलच्या ब्रेकची वायर आणली आणि बटण दाबायची युक्ती स्वतः बसवून दिली. वायर हेल्मेटपासून खांद्यावरून डाव्या हातात. मूठ आवळली की चित्र सुरू.

पहिली फिल्म मुंबईहून धुऊन आली, ती आम्ही तिघांनी स्टुडिओतच लावून पाहिली. रस्ता येत होता, झाडं येत होती, आणि दर काही क्षणांनी सगळं जग खाली जाऊन वर येत होतं. रस्ता, मग पेट्रोलची टाकी, पुन्हा रस्ता. स्टुडिओवाला म्हणाला कॅमेऱ्यात दोष आहे. सर बराच वेळ डोळे बारीक करून पाहत होते. मग त्यांना उमगलं. कामठी रोडवर सरांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. जो तो जयभीम करी, सर मान लववून जयभीम करत, आणि कॅमेराही करी.

पुढच्या रविवारी सर मान ताठ ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला. सायकल दुकानवाल्यानं निरोप पाठवला की माझं काही चुकलं का. सरांचे नात्यानं दूरचे एक सासरे तर घरी येऊन बसले. सरले गर्व झाला काय, असं त्यांनी काकूंनाच विचारलं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, मान लचकली असंन.

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं. माझं काम एकच, सरांच्या वतीनं जयभीम करायचा. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी काकूंसमोर विषय काढला, शेवटी काढावाच लागला, कारण फिल्मची डबी तीन-एक मिनिटांत संपायची आणि रस्ता तासाभराहून मोठा. कोणता तुकडा पाहिजे? काकू म्हणाल्या, तुमाले बरं वाटन तो. सर हिरमुसून बाहेर गेले. मी चपला घालत होतो तेव्हा काकूंनी आतून मला हाक मारली. "त्यायले म्हणा, मनसरचं वळण घ्या."

सकाळचं ऊन, पुढे हेल्मेट आणि वायरवाले सर, लाकडासारखे ताठ, आणि मागे मी दोन्ही बाजूंना हात उंचावत जयभीम, जयभीम करत चाललो होतो. लोक आधी सरांकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मग हात वर करत. कामठीच्या छावणीपाशी एका हवालदारानं आम्हाला थांबवलं. डोक्यावर कॅमेरा, अंगावर वायर आणि लष्कराचा भाग. त्यानं कॅमेरा काढायला लावला आणि फिल्म उघडायला हात घातला. उघडली असती तर उजेड लागून सगळी फिल्म वाया गेली असती. मी इंग्रजीत काहीबाही सांगू लागलो. सरांनी मला थांबवलं आणि सरळ हिंदीत म्हणाले, "मेरी औरत अब गाडीपर नहीं बैठ सकती. उसको रस्ता दिखाना है।"

हवालदारानं सरांकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं. गाव कोणतं, बायकोला काय झालं, सगळं विचारून घेतलं. मग एक पोतं आणलं, हेल्मेट त्यात गुंडाळलं आणि छावणी संपेपर्यंत ते माझ्या मांडीवर ठेवायला सांगितलं. जाता जाता म्हणाला, भाभीजींना म्हणावं, कामठीत बघण्यासारखं तसंही काही नाही.

कन्हानच्या पुलावर सरांनी मूठ आवळली. मग मनसरच्या वळणाआधी. मागे बसून मला कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकू येत होती. सरांनी गाडी इतकी हळू घेतली की एक बैलगाडी आम्हाला गाठत आली.

फिल्म धुऊन आली आणि पडद्याचा प्रश्न निघाला. गांधीबाग बाजारातल्या कापडाच्या ठोक दुकानात सरांनी मांजरपाटाची ठाणामागून ठाणं उलगडायला लावली आणि प्रत्येकाच्या मागं उभं राहून मला विचारलं, पुढून मी दिसतो का. दुकानदारानं शेवटी हात जोडले. कापड कफनासाठी की लग्नासाठी तेवढं सांगा, म्हणाला.

एका संध्याकाळी बैठकीच्या भिंतीवर तो मांजरपाट ताणला. स्टुडिओवाला प्रोजेक्टर घेऊन आला. शेजारचे चार लोक, मी, आणि काकू भिंतीला उशी लावून, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं सूप घेऊन. सर प्रोजेक्टरपाशी उभे. मधूनच जाऊन मांजरपाटाची सुरकुती सरळ करून येत.

दिवा बंद झाला. पूल आला. खाली कन्हानची रेती, रेतीत टरबुजाच्या वाड्या, काठावर धुणं वाळत टाकणाऱ्या बाया. शेजारी वा वा करत होते. काकू अंधारातच वाटाणे सोलत होत्या. दाणे सुपात पडल्याचा आवाज येत होता. कामठी कुठी गेली, एवढंच त्यांनी विचारलं. पोत्यात, मी म्हणालो.

मग मनसरचं वळण आलं. रस्ता उजवीकडे झुकला, झाडं दोन्हीकडे सरकली आणि समोर, अगदी मधोमध, रामटेकचा डोंगर उभा राहिला. धुकट निळा, माथ्यावर देवळांची पांढरी रांग. तो हळूहळू मोठा होत आमच्या अंगावर येऊ लागला. आणि पट्टी संपली. भिंतीवर नुसता उजेड उरला.

वाटाण्यांचा आवाज बंद झाला होता.

"पुन्हा लावा," काकू म्हणाल्या.

स्टुडिओवाल्यानं पुन्हा लावली. पुन्हा पूल, पुन्हा वळण, पुन्हा डोंगर. दिवा लावला तेव्हा काकू पडद्याकडेच बघत होत्या. सरांना वाटलं नाही आवडलं. त्यांनी विचारलं, पाठ दुखून राहिली का?

"मी इतके साल तुमच्या मांगं बसून गेली," काकू म्हणाल्या. "आडवी बसो मी. मले डावी बाजू दिसे, अन् समोर पाहावं त तुमचा खांदा. हा डोंगर असा समोरून येते, मले मालूमच नोयतं."

सरांनी प्रोजेक्टरवरचा हात काढला. जगातली प्रत्येक गोष्ट कोणत्या दिशेला आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ते सर म्हणाले, "मले वाटे, तुलेही दिसते."

शेजारी उठून गेले. स्टुडिओवाला यंत्र आवरत असताना काकूंनी पोह्यांत तेच वाटाणे घातले आणि आम्हाला वाढले. त्या संध्याकाळी त्या इतकं बोलल्या की मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. डाव्या बाजूचं त्यांना सगळं पाठ होतं. कुठं विहीर, कुठं कोणाच्या दारात जास्वंद, कुठल्या घरची म्हातारी रोज उंबऱ्यात बसून दात घासते. सर ऐकत होते. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती विहीर कोणत्या गावाची, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते कॅमेरा बगलेत मारून. संध्याकाळी तो त्यांनी स्टुडिओवाल्याला देऊन टाकला. मला वाटलं उत्साह संपला. पण लगेचच त्यांनी नवीन शोध सुरू केला, मोटरसायकलच्या बाजूला जोडायच्या साइडकारचा. कामठीच्या भंगारबाजारात एक सापडली, गंजलेली, तळ गेलेला. तिला नवा तळ बसवला, गाडीच्या स्प्रिंगा लावल्या, वर कापसाची गादी. पाठीच्या डॉक्टरांकडे सर ती साइडकार गाडीला जोडूनच घेऊन गेले आणि त्यांनाच आत बसायला लावलं. डॉक्टरांनी गल्लीतून एक फेरी घेतली, उतरून कंबर चाचपली आणि म्हणाले की कमरेला पट्टा बांधून, बैलगाडीच्या चालीनं, आणि महिन्यातून एकदाच.

ते दोघं महिन्यातून किती वेळा गेले हे मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी एका लग्नासाठी बसनं रामटेकला चाललो होतो. कन्हानच्या पुढं रेल्वेचं फाटक बंद होतं. बसमधून खाली उतरलो तर गाड्यांच्या रांगेत सर आणि काकू. काकू साइडकारमध्ये समोर तोंड करून, कानाला मफलर, मांडीवर फल्लीदाण्यांची पुडी. त्यांनी मला शेंगदाणे दिले. इकडची जास्वंद मेली, आणि उजव्या बाजूला एक चांगली बाभूळ आहे, ती यांनी इतकी वर्षं सांगितलीच नाही, अशी तक्रार केली. सर कौतुकानं मान डोलवत होते.

मी सरांना म्हटलं, आता कॅमेरा काकूंच्या हाती दिला असता तर किती छान फिल्म निघाली असती.

"काहून?" सर म्हणाले. "दाखवू कोणाले? पाहणारी इथंच बसून आहे."

रेल्वे धडधडत निघून गेली. काकूंनी पुडी गुंडाळली, कमरेचा पट्टा आवळला आणि समोर बोट केलं.

"बोलत नका बसू," त्या म्हणाल्या. "फाटक उघडलं."